नव्वदच्या दशकातलं पिनबॉल मशीन: कमी बिघडावं आणि बिघडलं तर पटकन हाती यावं म्हणून

शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९९० ते १९९८ या काळात विल्यम्स आणि बॅली या दोन नावांनी जी पिनबॉल मशीन्स काढली, ती त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवरून डब्ल्यूपीसी (विल्यम्स पिनबॉल कंट्रोलर) मशीन्स म्हणून ओळखली जातात. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर, म्हणजे प्लेफील्डवर, बटणांनी हलणाऱ्या फ्लिपर नावाच्या छोट्या दांड्यांनी पोलादी बॉल मारत राहायचा खेळ. १९९२चं ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ हे त्यांतलं सगळ्यात गाजलेलं. त्याचे २०,२७० नग तयार झाले. कंपनीने १९९९मध्ये पिनबॉल कायमचं बंद केलं, पण ही मशीन्स अमेरिकेत आणि युरोपात अजून भरपूर आहेत. जुनं मशीन विकत घेणाऱ्यांत आता आपली मराठी मंडळीही दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी, आणि ज्यांना असं मशीन आतून समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी.

ही मशीन्स बार आणि आर्केडसाठी बनवली होती. चार-पाच वर्षं नाणी गोळा करायची, मधूनमधून मेकॅनिक येऊन बघून जाणार, मग नवं मॉडेल आलं की जुनं बाजूला, असा हिशेब होता. तीस वर्षं चालवायचं म्हणून कोणी डिझाइन केलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या दुबळ्या जागा ठरलेल्या आहेत आणि बहुतेक बिघाडांमागे तीनच कारणं असतात: उष्णता, बॅटरीतला क्षार आणि सततचे हादरे. जळलेला भाग बदलून थांबलात तर तोच भाग पुन्हा जळणार. तो का जळला ते शोधून कारण काढलंत, तर पुढची कित्येक वर्षं तिथे हात लावावा लागत नाही.

सुरुवातीलाच एक सांगतो. काम करताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा. स्विच बंद असला तरी त्याच्या अलीकडच्या तारांत घरची वीज असतेच. कॉइलना (भाग हलवणाऱ्या विद्युतचुंबकांना) जो ‘५० व्होल्ट’चा पुरवठा म्हणतात तो मीटरवर ७०च्या आसपास भरतो, आणि डिस्प्लेकडे जाणारे व्होल्टेज शंभराच्या वर असतात. प्लग काढल्यावरही मिनिटभर थांबा, म्हणजे कपॅसिटर रिकामे होतात.

पहिलं काम बॅटरीचं

मशीन घरात आलं की सगळ्यात आधी बॅकबॉक्स (मागची उभी पेटी) उघडा आणि सीपीयू बोर्डावरच्या तीन एए बॅटऱ्या बघा. मशीन बंद असताना स्कोअर आणि सेटिंग्ज लक्षात ठेवण्यासाठी त्या आहेत. अल्कलाइन बॅटरी फुटली की तिच्यातला क्षार बोर्डावर उतरतो, तांब्याचे माग (वीज नेणाऱ्या रेषा) खातो, आणि स्विच मॅट्रिक्सच्या, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत जोडलेल्या स्विचांच्या, चिप व कनेक्टरपर्यंत पोचतो. मग कधी स्विचची अख्खी ओळ मरते, कधी न दाबलेला स्विच दाबल्यासारखा दिसतो. या मशीन्सचे जेवढे बोर्ड कायमचे गेले, त्यांतले फार मोठ्या संख्येने या तीन बॅटऱ्यांमुळे गेले. म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर बोर्ड काढा, जुन्या टूथब्रशने पांढरं व्हिनेगर लावून घासा (क्षार मारायला आम्लच लागतं), मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा. काळे पडलेले सॉकेट आणि चिपचे पाय साफ करण्यात वेळ घालवू नका, ते बदललेलेच बरे.

बॅटरीला कायमची रजा द्यायची असेल तर यू-८ या जागची २८ पायांची रॅम चिप काढून तिथे सॉकेट बसवा आणि सॉकेटमध्ये एनव्हीरॅम लावा. तिला वीज नसतानाही सगळं आठवतं. जुनी चिप अख्खी उपटायला जाऊ नका. तिचे पाय बारीक कटरने कापा, धड बाजूला करा, आणि मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा. चिप वाचवण्याच्या नादात बोर्डावरचे माग उचकटले जातात आणि चिपपेक्षा बोर्ड महाग आहे. एनव्हीरॅम लावल्यावर मशीन बंद केलं की घड्याळाची वेळ राहत नाही, एवढीच उणीव. डाग देण्याची (सोल्डरिंगची) सवय नसेल तर निदान बॅटऱ्यांचा खोका तार लावून बोर्डाच्या खाली, लांब न्या आणि त्यात लिथियम एए घाला.

कनेक्टर: खरी मेहनत इथे

बोर्ड जळण्याच्या भीतीने लोक चिपकडे बघत बसतात. माझ्या मते या मशीन्समधलं सर्वांत मोठं दुखणं कनेक्टरचं आहे, आणि तिथे घातलेला वेळ कधी वाया जात नाही.

पॉवर ड्रायव्हर बोर्डावर (दिवे आणि कॉइलना वीज देणाऱ्या बोर्डावर) जे-११५, जे-१२० आणि जे-१२१ बघा. हे जनरल इल्युमिनेशनचे, म्हणजे प्लेफील्डवर कायम लागलेल्या दिव्यांचे कनेक्टर. या दिव्यांच्या पाच साखळ्या असतात, ६.३ व्होल्टच्या. जुना ४४ नंबरचा बल्ब पाव अँपिअर घेतो; एका साखळीवर असे अठरा बल्ब असले तर साडेचार अँपिअर एका बारीक पिनेतून, तासन् तास जातात. पिनेची पकड जराशी सैल झाली की तिथे रोध वाढतो, रोधाने ती तापते, तापल्याने स्प्रिंगचा ताण जातो, आणि पकड आणखी सैल होते. शेवटी पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होतं, मग काळं. दिवे लुकलुकायला लागले आणि कनेक्टर हलवल्यावर पुन्हा नीट लागले, तर हेच चालू आहे असं समजा.

कनेक्टर हलवून दिवे लागले म्हणून काम झालं असं नाही. काही जण तारा सरळ बोर्डाला डाग देऊन टाकतात. ते मला अजिबात पटत नाही. दिवे लागतात, पण पुढच्या वेळी बोर्ड काढायचा तर आधी तारा तोडाव्या लागतात, आणि दुसऱ्याला कोणती तार कुठली ते कळत नाही. काम दोन्ही बाजूंनी करा: बोर्डावरच्या पिना नव्या आणि तारेकडचा कनेक्टरही नवा. एकच बाजू बदलली तर जुनी जळकी बाजू नव्या बाजूला लवकरच खराब करते.

कारखान्यातून आलेल्या कनेक्टरमध्ये तार पात्यात दाबून बसवलेली असते. तिच्या जागी क्रिंप करायचा (पाकळ्या तारेवर दाबून बसवायचा), ३.९६ मिलिमीटर अंतराचा कनेक्टर घ्या, आणि त्यात ट्रायफर्कॉन कॉन्टॅक्ट. तो पिनेला तीन बाजूंनी धरतो. साधा कॉन्टॅक्ट एकाच बाजूने. बोर्डावरच्या पिनांना कथलाचा मुलामा असेल तर कॉन्टॅक्टही कथलाचाच घ्या, सोनं आणि कथील एकत्र नको.

क्रिंप कसा करायचा ते नीट सांगतो, कारण अर्धे बिघाड वाईट क्रिंपमधून येतात. तारेचं टोक कापून ताजं करा. जळक्या कनेक्टरजवळ तार आतून काळी पडलेली असते, ती चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायची. साधारण साडेतीन मिलिमीटर सोला. कॉन्टॅक्टला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात: पुढची जोडी फक्त तांब्यावर बसली पाहिजे, मागची फक्त वरच्या आवरणावर. पुढच्या पाकळ्यांत आवरण शिरलं तर जोड वरून छान दिसतो आणि महिन्याभरात तापायला लागतो. चांगला क्रिंपर घ्या, साध्या पक्कडीने दाबू नका. दाबल्यावर तार जोरात ओढून बघा; सुटायची तर आत्ताच सुटू दे. तारांचे रंग आणि क्रम यांचा फोटो आधी काढून ठेवा, आणि एका वेळी एकच तार जुन्या कनेक्टरमधून नव्यात न्या. रिकाम्या ठेवलेल्या जागी की म्हणून जो खुंटा असतो तो नव्या कनेक्टरमध्ये विसरू नका, नाहीतर कधीतरी तो एक घर सरकून लागेल.

आता मूळ कारणाकडे. त्या साखळ्यांवरचे ४४ नंबरचे बल्ब काढून ४७ नंबरचे लावा, ते ०.१५ अँपिअर घेतात, म्हणजे भार चाळीस टक्क्यांनी उतरतो आणि उजेड तसाच उबदार राहतो. एलईडी लावल्या तर भार आणखी कितीतरी कमी होतो, शिवाय उष्णता नसल्याने वरचं प्लॅस्टिक आणि बॅकग्लासवरचा रंगही वाचतो. फ्यूज मात्र बोर्डावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच; पुन्हापुन्हा उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार किंवा बोर्ड जाळणं.

दोन्ही फ्लिपर मारले की मशीन रीसेट

हा डब्ल्यूपीसीचा प्रसिद्ध आजार. मल्टिबॉल (एकाच वेळी अनेक बॉल) चालू आहे, दोन्ही बटणं दाबली आणि मशीन पहिल्यापासून सुरू झालं. फ्लिपरने ओढ घेतली की पुरवठा खाली जातो, सीपीयू बोर्डावरचे ५ व्होल्ट साधारण ४.६च्या खाली गेले की पहारेकरी चिप सीपीयूला रीसेट करते. चिप तिचं काम बरोबर करते आहे. ५ व्होल्ट का पडतात ते शोधायचं आहे.

तपासायचा क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवा. आधी भिंतीतल्या सॉकेटचं व्होल्टेज, त्याच वायरवर हीटर किंवा फ्रिज आहे का तेही बघा. मग मशीन चालू ठेवून ड्रायव्हर बोर्डावर आणि सीपीयू बोर्डावर, दोन्हीकडे ५ व्होल्ट मोजा. ड्रायव्हरवर ५.० आणि सीपीयूवर ४.८ आले तर मधला कनेक्टर, म्हणजे जे-११४ आणि त्याचं पलीकडचं टोक, दोषी. दोन्हीकडे कमी असेल तर ट्रान्सफॉर्मरकडून येणारा जे-१०१ बघा. हे सगळं ठीक निघालं तरच बोर्डावरचा बीआर-२ हा ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारा भाग) आणि सी-५ हा १५,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदला. हे दोन नंबर आणि वरचे कनेक्टरचे नंबर सुरुवातीच्या डब्ल्यूपीसी बोर्डांचे आहेत. १९९५नंतरच्या बोर्डावर रचना वेगळी आहे. जुना कपॅसिटर मीटरवर चांगला दाखवत असला तरी त्याचे पाय हादऱ्यांनी डागापाशी तडकलेले असतात. भिंगातून डागाभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली तर तीच तडा. ब्रिज बदलताना तो हीटसिंकला चिकटून, थर्मल पेस्ट लावून बसवा.

फ्लिपर: खेळाचा जीव इथे आहे

फ्लिपर हळूहळू मंदावतो, त्यामुळे मालकाला कळतच नाही. एखाद्या दिवशी पाहुणा येतो आणि म्हणतो, “हा बॉल रॅम्पवर चढतच नाही.” लगेच जास्त ताकदीची कॉइल घालायचा मोह होतो. तो टाळा. कॉइल सहसा जात नाही. झिजतो तो तिच्या आजूबाजूचा सगळा सरंजाम. जोरदार कॉइलने टार्गेट आणि प्लॅस्टिकं फुटतात.

प्लेफील्ड उचलून उभं करा आणि फ्लिपरचं बूड बघा. प्लंजरचं (कॉइल आत ओढते त्या लोखंडी दांड्याचं) टोक छत्रीसारखं पसरलंय का? समोरचा कॉइल स्टॉप खड्डा पडून सैल झालाय का? लिंकच्या भोकात खेळ किती आहे? आतली नायलॉन स्लीव्ह काळी झालीय का? यांतलं एक जरी खराब असेल तर प्लंजर, लिंक, स्लीव्ह, कॉइल स्टॉप, स्प्रिंग आणि बुशिंग सगळं एकदम बदला, आणि डावा-उजवा दोन्ही एकाच दिवशी. एक नवा आणि एक जुना फ्लिपर असला की नेम कधी जमत नाही. कॉइलचे दोन वेढे मीटरवर बघून घ्या: जोराचा वेढा चार ओहमच्या आसपास, धरून ठेवणारा शंभराच्या वर.

इथे तेल अजिबात घालू नका. नायलॉनच्या स्लीव्हमध्ये प्लंजर कोरडाच चालायचा असतो. तेल घातलं की कोळशासारखी काळी धूळ आणि तेल यांचा चिखल होतो आणि फ्लिपर वर जाऊन तिथेच अडकतो. डबीतला घरगुती स्प्रे तर या मशीनच्या जवळही आणू नका.

बसवताना फ्लिपरचा दांडा क्रँकमध्ये घट्ट करण्याआधी तो वर-खाली जरासा, मिलिमीटरभरापेक्षा थोडा कमी, हलला पाहिजे. मोकळीक नसेल तर बॅट (फ्लिपरचा बॉल मारणारा भाग) बुशिंगवर घासते. जास्त असेल तर प्लेफील्डवर आडवा ओरखडा उमटतो. बऱ्याच मशीनवर फ्लिपरच्या टोकाशी प्लेफील्डमध्ये सुईएवढं भोक असतं. त्यात टूथपिक उभी करा, बॅट तिला टेकवा आणि मग क्रँकचा बोल्ट आवळा, दोन्ही फ्लिपर जुळून येतात.

शेवटी ईओएस, म्हणजे फ्लिपर पूर्ण वर गेल्याचं कळवणारा स्विच. १९९२च्या आधीच्या मशीनवर तो एरवी बंद असतो, मोठा प्रवाह त्यातून जातो, आणि तो वेळेवर उघडला नाही तर कॉइल जळते. त्याचे टंगस्टनचे पॉइंट बारीक फाइलने साफ करता येतात. फ्लिपट्रॉनिक्स (फ्लिपर चालवणारा) बोर्ड असलेल्या नंतरच्या मशीनवर तो एरवी उघडा असतो आणि फक्त सिग्नल देतो. तिथे सोन्याचा मुलामा आहे, फाइल लावली तर तो निघून जाईल. व्हिजिटिंग कार्ड पॉइंटमध्ये धरून हलक्या हाताने ओढा, पुरे.

स्विच आणि त्या ‘टिंबा’कडे लक्ष द्या

मशीन स्वतःच आपल्या तक्रारी सांगतं. डिस्प्लेवर ‘क्रेडिट्स’च्या आकड्यापुढे टिंब दिसलं की मशीनला काहीतरी खटकलं आहे: एखादा स्विच बराच काळ दाबलाच गेला नाही, किंवा दाबलेलाच राहिला. कॉइन डोअरच्या आत बटणं आहेत, त्यांनी टेस्ट रिपोर्ट उघडा. मग स्विच एजेस टेस्ट (दाबलेला स्विच डिस्प्लेवर दाखवणारी चाचणी) लावा आणि बोटाने प्रत्येक स्विच एकदा दाबत जा. दर महिन्याला पाच मिनिटं एवढं केलं तरी बहुतेक दोष खेळ बिघडण्याआधी सापडतात.

एकच स्विच मेला तर तार किंवा डायोड; अख्खी ओळ मेली तर कनेक्टर किंवा चिप. तार सहसा स्विचच्या कानाशी तुटते, हादऱ्यांनी. डायोडची पट्टी जुन्यासारख्याच दिशेला ठेवा. ऑप्टो स्विच म्हणजे प्रकाशाचा किरण. त्यांवर धूळ बसते, कोरडा कापूस फिरवला की चालतात. एखादी कॉइल मशीन चालू करताच ओढून बसली तर तत्काळ बंद करा. ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो. तो बदलताना कॉइलचा डायोड तपासलाच पाहिजे, कारण त्याच्या तुटण्यानेही ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

बॉल आणि प्लेफील्ड

बॉल २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा पोलादी. सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि प्लेफील्ड सगळ्यात महाग. बॉल आरशासारखा दिसत नसेल तर बदला; त्याचा खरखरीत पृष्ठभाग प्लेफील्डला रोज पॉलिश पेपर मारत असतो. ‘अ‍ॅडम्स फॅमिली’त प्लेफील्डखाली लोहचुंबक आहेत, त्यांनी बॉल चुंबकीय होतात आणि ट्रफमध्ये (बॉल परत जमा होतात त्या खोबणीत) एकमेकांना चिकटून बॉलची संख्या चुकते. अशा मशीनसाठी चुंबकत्व धरून न ठेवणारे साधे कार्बन स्टीलचे बॉल घ्या, जास्त चकचकीत क्रोमवाले नको.

सफाईला पाणी नको. जुनं मेण आणि रबराचे डाग नॅफ्थाने निघतात, पण खोलीची खिडकी उघडी आणि प्लग काढलेला हवा. मग कार्नौबा मेणाचा पातळ थर. रबराच्या रिंगा कडक झाल्या किंवा त्यांना भेगा दिसल्या की बदला. काळं रबर धूळ सोडतं, म्हणून घरात पांढरं किंवा सिलिकॉनचं मला आवडतं. प्लेफील्डचा उतार साडेसहा अंश, दोन्ही बाजू समपातळीत. उतार कमी असला की बॉल रेंगाळतो आणि खेळ निर्जीव वाटतो.

पुढच्या वेळी हात लावणं सोपं व्हावं म्हणून

कॉइन बॉक्समध्ये एक वही ठेवा: तारीख, काय केलं, कोणता भाग, कोणता फ्यूज. तिच्याच शेजारी प्रत्येक प्रकारचे दोन-दोन फ्यूज, लेबल लावलेल्या पाकिटात. स्विच आणि दिव्यांच्या मॅट्रिक्सचं पान मॅन्युअलमधून छापून बॅकबॉक्सच्या दाराला आतून चिकटवा. तिथे ते कायम डोळ्यांसमोर राहतं. कॉइल बदलली की तिचा नंबर चौकटीवर मार्करने लिहा, कारण कॉइलवरचं कागदी लेबल काही वर्षांत करपतं.

स्टँडअप टार्गेट आणि रॅम्पचे स्क्रू हादऱ्यांनी सुटतात. जिथे नट आहे तिथे नायलॉनचा लॉकनट, जिथे लाकूड आहे तिथे भोक ढिलं झालं असेल तर लाकडी गोंद आणि दोन-तीन टूथपिका भरून वाळू द्या आणि स्क्रू पुन्हा हाताने बसवा. पॉवर ड्रिलने आवळू नका. डिस्प्ले काचेचा जुना असेल आणि ओळी गायब होत असतील तर एलईडीचा घ्या. त्याला उच्च व्होल्टेज लागत नाही, म्हणून बोर्डाचा सगळ्यात तापणारा भाग आपोआप विश्रांतीला जातो.

मशीन अमेरिकेतून भारतात आणणार असाल तर ट्रान्सफॉर्मरच्या कनेक्टरमधले जंपर ११५वरून २३० व्होल्टकडे फिरवावे लागतात. हे मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणेच करायचं आणि मुख्य फ्यूजही त्याप्रमाणे बदलायचा. भारतातली ५० हर्ट्‌झची वीज या ट्रान्सफॉर्मरना चालते, कारण युरोपात हीच मशीन्स त्याच वारंवारतेवर चालली. मुंबईसारख्या ठिकाणी पावसाळ्यात खोलीत डिह्युमिडिफायर लावा, आणि मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर बॉल काढून तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. परत घालण्याआधी ते नॅफ्थाने पुसून घ्या, नाहीतर तेल प्लेफील्डवर उतरेल.